आधी वही, मग टेम्प्लेट: मोफत ऑनलाइन टूलवर रेझ्युमे कसा तयार करावा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गारमेंट युनिटमध्ये भरतीचं काम मी बघते. अकाउंट असिस्टंट, डिस्पॅच, क्वालिटी चेकर, मेंटेनन्स अशा जागांसाठी आलेले रेझ्युमे सगळ्यात आधी माझ्या टेबलावर येतात. आता बहुतेक जण ते मोफत ऑनलाइन टूलवरच करतात. त्यात चूक काहीच नाही. चूक क्रमात होते. मुलं आधी टेम्प्लेट उघडतात आणि मग त्यातल्या रिकाम्या जागा सुचेल तशा भरत जातात. टेम्प्लेटमध्ये 'हॉबीज' असतं म्हणून 'क्रिकेट, संगीत' लिहिलं जातं. पण घरच्या यंत्रमागांवर सहा वर्षं काम केल्याचं कुठेच येत नाही, कारण तसा रकाना टेम्प्लेटमध्ये नसतो.

असा एक मुलगा मेंटेनन्सच्या जागेसाठी आला होता. माग तो स्वतः उघडून दुरुस्त करायचा, आणि हे आम्हाला मुलाखत संपता संपता, दुसऱ्याच विषयावर बोलताना कळलं. त्याच्यासारखे कितीतरी जण मुलाखतीपर्यंत पोचतच नसतील, याचं मला वाईट वाटतं. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा मानून लिहिते आहे. कामाला दोन बैठका द्या: पहिली वही-पेन घेऊन घरी, दुसरी कॉम्प्युटरवर.

टप्पा १: कागदपत्रं समोर काढा

आठवणीवर विसंबून तारखा लिहू नका. हे सगळं एका जागी आणा:

- दहावी, बारावी आणि आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवीच्या गुणपत्रिका. दहावी-बारावीची मूळ प्रत हाताशी नसेल तर डिजिलॉकरवर शोधा.
- एमएससीआयटी, टायपिंग, टॅली यांची प्रमाणपत्रं. अप्रेंटिसशिप केली असेल तर तिचंही.
- आधीच्या नोकरीचं नेमणूक पत्र, अनुभव पत्र, एखादी पगाराची स्लिप.
- पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे असते. मोठ्या कंपन्या पडताळणीत तीच बघतात, म्हणून रेझ्युमेतली तारीख तिच्याशी जुळली पाहिजे.

आता वहीत तीन गोष्टी अगदी नक्की करा.

पहिली म्हणजे नाव. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. आधारवर क्रम वेगळा असतो, कधी स्पेलिंगही वेगळं. रेझ्युमेवर स्वतःचं नाव आणि आडनाव पुरे, पण दोन्हींचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तेच ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर सध्याच्या कागदपत्रांवर जे आहे ते लिहा, आणि जुन्या नावाचा पुरावा मुलाखतीला बरोबर न्या.

दुसरी म्हणजे विद्यापीठाचं नाव. इथे सोलापूरकरांचा हमखास घोळ होतो. आपलं विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. २०१९ मध्ये नाव बदलून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. तुमच्या पदवीवर जे छापलं आहे तेच लिहा. एकाच रेझ्युमेत एका ओळीत जुनं आणि दुसऱ्या ओळीत नवं नाव दिसलं, की वाचणाऱ्याला दोन वेगळी विद्यापीठं वाटतात.

तिसरी म्हणजे संपर्क. रिचार्ज संपलेला किंवा भावाच्या खिशात असलेला नंबर देऊ नका. ईमेलचा पत्ता तुमच्या नावाचा असू द्या. शाळेत असताना टोपणनावावर काढलेला असेल तर आजच नवा काढा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

थांबा. आधार क्रमांक, पॅन, बँक खातं आणि घराचा पूर्ण पत्ता रेझ्युमेवर कधीही टाकू नका. 'जुळे सोलापूर, सोलापूर' एवढा पत्ता पुरतो. रेझ्युमे किती हातांतून जातो यावर तुमचा ताबा नसतो.

टप्पा २: लग्नाचा बायोडाटा बाजूला ठेवा

आपण दोन्ही कागदांना 'बायोडाटा'च म्हणतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. जन्मतारीख, जात, उंची, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, वैवाहिक स्थिती या माहितीचा खाजगी नोकरीच्या रेझ्युमेत काही उपयोग नाही. जाहिरातीत मागितला नसेल तर फोटोही नको. शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' असं लिहून सही करायची जुनी रीत आहे, तीही सोडून द्या. तेवढ्या ओळीत तुमच्या कामाची एक गोष्ट बसते.

सरकारी भरतीचा अर्ज हे वेगळं प्रकरण. तिथे त्यांचा ठरलेला नमुना असतो आणि जात प्रवर्गापासून सगळं त्यातच भरायचं असतं. हा रेझ्युमे तिथे जोडून भागत नाही.

टप्पा ३: केलेलं काम वहीत लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'मला अनुभव नाही' असं म्हणणारी मुलं मला रोज भेटतात, आणि दहा मिनिटं बोलल्यावर कळतं की पंधरा वर्षांची असल्यापासून ती काम करत आहेत.

प्रत्येक कामासाठी वहीचं एक पान घ्या आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा. काय केलं? कशावर केलं, म्हणजे कोणतं मशीन, कोणतं सॉफ्टवेअर, कोणता माल? किती केलं? आणि कोणती गोष्ट तुमच्यावर सोपवलेली होती?

उदाहरणं देते, म्हणजे फरक कळेल.

'वडिलांच्या कारखान्यात मदत केली' या वाक्यातून मला काहीच समजत नाही. तेच काम असं लिहा: 'घरच्या ८ यंत्रमागांच्या युनिटमध्ये ३ वर्षं काम. दोन पाळ्यांच्या कामगारांची हजेरी आणि आठवड्याच्या मजुरीचा हिशेब एक्सेलमध्ये. सुताच्या आवक-जावकीची नोंद. तुटलेला ताणा जोडणं आणि मागाची किरकोळ दुरुस्ती स्वतः.' आता मला कळतं, की हा मुलगा स्टोअरमध्येही चालेल आणि मेंटेनन्सलाही.

'कपड्याच्या दुकानात होतो' याऐवजी लिहा: 'नवी पेठेतल्या कापड दुकानात १८ महिने काउंटर विक्री. बिलिंग सॉफ्टवेअरवर रोज साधारण ६० बिलं. दिवसअखेर रोकड आणि यूपीआय जमेचा ताळमेळ. दिवाळीआधी साठ्याची मोजणी.'

घरी बसून शिलाई करणाऱ्या मुली तर हे काम लिहितच नाहीत. 'शाळेच्या युनिफॉर्मचे शर्ट, सिंगल नीडल आणि ओव्हरलॉक मशीनवर, पीस रेटनं २ वर्षं. कॉलर आणि कफ लावण्याचं काम. दिवसाला ४० पीस.' ही ओळ ज्या रेझ्युमेत असेल तो मी सगळ्यात वर ठेवते. गल्लीतल्या मुलांची शिकवणी घेतली असेल तर किती मुलं, कोणती इयत्ता, किती वर्षं ते लिहा. गड्ड्याच्या यात्रेत सलग काही वर्षं खाण्याचा किंवा खेळण्यांचा स्टॉल सांभाळला असेल तर ती विक्री आणि रोख व्यवहार आहे, तोही लिहा. कॉलेजच्या एनएसएस शिबिरात स्वयंपाकाचं सामान आणि खर्च तुमच्याकडे असेल तर तेही आलंच.

अप्रेंटिसशिप बहुतेक मुलं शिक्षणाखाली टाकतात. ती अनुभवाखाली हवी, कारण तिथे तुम्ही प्रत्यक्ष मशीनवर उभे होता.

आकडा लिहिताना एक पथ्य पाळा. जो आकडा विचारल्यावर समजावून सांगता येईल तोच लिहा. मुलाखतीत मी तोच धरून विचारते, 'रोज ६० बिलं म्हणता, मग सणात किती व्हायची?' ज्यानं खरं काम केलंय तो लगेच सांगतो. ज्यानं मित्राच्या रेझ्युमेतून ओळ उचललेली असते तो तिथेच थांबतो.

मध्ये एखादं वर्ष रिकामं गेलं असेल तर तारखा ताणून ते झाकू नका. आईचं आजारपण, स्पर्धा परीक्षेची तयारी, बाळंतपण, जे असेल ते एका छोट्या ओळीत लिहा. लपवलेली तारीख पडताळणीत सापडते, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

तपासा. वहीतलं प्रत्येक काम वाचून स्वतःला विचारा, 'ही ओळ वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या रेझ्युमेत चालेल का?' चालत असेल तर ती पुन्हा लिहा. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'टीममध्ये काम करण्याची आवड' या ओळी अशाच कुणालाही चालणाऱ्या आहेत.

टप्पा ४: भाषा ठरवा

खाजगी नोकरीसाठी रेझ्युमे इंग्रजीतच करा. त्याचं कारण तांत्रिकही आहे. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर रेझ्युमे आधी एटीएस नावाचं सॉफ्टवेअर वाचतं. पीडीएफमधली देवनागरी वाचताना काना-मात्रा आणि जोडाक्षरं पुष्कळदा विस्कटतात. स्थानिक संस्थेनं किंवा शाळेनं मराठीत मागितला तर मराठीत द्या, पण युनिकोड फॉन्टमध्ये. गूगल डॉक्समध्ये मुक्ता किंवा हिंद हे फॉन्ट आहेत. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की निरर्थक अक्षरांची रांग दिसते.

इंग्रजी साधं असू द्या. वाक्य छोटं, सुरुवातीला क्रियापद. वहीतला मराठी मजकूर भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून जसाच्या तसा चिकटवू नका. आपल्या धंद्यातले शब्द तिथे हमखास चुकतात. 'कांडी भरणं' याला इंग्रजीत पर्न वाइंडिंग म्हणतात; भाषांतराचं ॲप ते मेणबत्तीपासून मिठाईपर्यंत काहीही करू शकतं. असे शब्द कारखान्यातल्या सुपरवायझरला विचारून घ्या. एआय चॅटबॉटची मदत घ्यायला हरकत नाही, पण त्याला वहीतल्या ओळी द्या आणि फक्त व्याकरण सुधारायला सांगा. 'माझा रेझ्युमे लिहून दे' म्हटलंत तर तो मोठमोठी विशेषणं लिहून देईल. तशाच विशेषणांचे आणखी अनेक अर्ज माझ्या टेबलावर आधीच पडलेले असतात.

आता भाषांच्या रकान्याबद्दल, कारण सोलापूरची मुलं इथे स्वतःचं फार नुकसान करून घेतात. घरी तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात हिंदी किंवा दखनी, शाळेत मराठी. पण रेझ्युमेवर मात्र 'मराठी, हिंदी, इंग्रजी' एवढंच. हैदराबाद, कलबुर्गी, विजयपूरकडच्या व्यापाऱ्यांशी फोनवर बोलायला आम्हाला माणूस लागतो. तेलुगू किंवा कन्नड बोलता येणं हे त्या जागेसाठी थेट कौशल्य आहे. प्रत्येक भाषेपुढे बोलता, वाचता, लिहिता यांतलं काय येतं ते लिहा. तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही, तर तसंच लिहा.

टप्पा ५: टूल निवडा, आणि ते खरंच मोफत आहे का ते बघा

अनेक साइट्स तासभर मजकूर भरून घेतात आणि डाउनलोडच्या बटणावर पैसे मागतात. काही ठिकाणी अगदी थोड्या रकमेची 'चाचणी' असते आणि नंतर दर महिन्याला आपोआप रक्कम कापली जाते. माझ्या चुलत भावाच्या खात्यातून असे तीन महिने पैसे गेले. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची मंजुरी दिली गेल्याचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणून भरायला बसण्याआधी ही परीक्षा घ्या: फक्त नाव टाइप करा आणि लगेच पीडीएफ डाउनलोड करून बघा. कार्ड मागितलं, पानावर कंपनीचा शिक्का उमटला किंवा साध्या टेक्स्ट फाइलशिवाय काही मिळालं नाही, तर ती साइट बंद करा.

माझी शिफारस गूगल डॉक्सची. पैसे लागत नाहीत, जीमेल असलं की पुरतं, मोबाइलवरही चालतं, आणि सहा महिन्यांनी बदल करायला तीच फाइल पुन्हा उघडते. दिसायला साधं असतं, पण छाननी करणाऱ्याला साधंच हवं असतं.

कॅनव्हावर रेझ्युमे सुंदर दिसतात, म्हणून मुलांना ते आवडतं. ग्राफिक डिझाइनच्या जागेसाठी जरूर वापरा. इतरांनी वापरायचं ठरवलं तर तीन गोष्टी सांभाळा: एकच उभा रकाना असलेला नमुना घ्या, मुकुटाची खूण असलेल्या वस्तूंना हात लावू नका कारण त्या पैसे भरणाऱ्यांसाठी असतात, आणि डाउनलोड करताना पीडीएफ निवडून 'फ्लॅटन' या पर्यायावर टिक करू नका. टिक केली की अक्षरांचं चित्र होतं.

थांबा. 'एक्सेल' पुढे पाच ठिपके आणि त्यातले चार रंगवलेले, असे कौशल्याचे पट्टे कुठल्याही टूलमध्ये वापरू नका. सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही, आणि चार ठिपके म्हणजे नेमकं काय येतं हे मलाही कळत नाही. 'एक्सेल: व्हीलुकअप, पिव्होट टेबल' असं लिहा.

टप्पा ६: गूगल डॉक्समध्ये भरा

ही दुसरी बैठक. शक्यतो कॉम्प्युटरवर करा. घरी नसेल तर सायबर कॅफेत इन्कॉग्निटो विंडो उघडून लॉग इन करा आणि पासवर्ड सेव्ह करू का असं विचारलं तर 'नाही' म्हणा.

१. डॉक्सचं मुखपृष्ठ उघडा आणि वरच्या टेम्प्लेट गॅलरीतून रेझ्युमेचा नमुना घ्या. स्पिअरमिंट हा सरळ खाली वाचत जाता येतो. सेरिफमध्ये उजवीकडे वेगळा रकाना असतो, तो टाळा. काही सॉफ्टवेअर ओळ डावीकडून उजवीकडे सलग वाचतात, मग तुमचा अनुभव आणि भाषा एकमेकांत मिसळतात.

२. काहीही टाइप करण्याआधी 'फाइल' मेनूतल्या 'पेज सेटअप'मध्ये जा आणि कागद ए४ करा. डॉक्समध्ये पुष्कळदा अमेरिकी 'लेटर' आकार असतो. तो ए४ पेक्षा थोडा रुंद आणि जवळपास पावणेदोन सेंटिमीटरनं आखूड आहे. सगळं भरून झाल्यावर आकार बदललात तर ओळी सरकतात आणि पुन्हा जुळवत बसावं लागतं. चारही बाजूंना २ सेंटिमीटर समास पुरे.

३. फाइलला आत्ताच नाव द्या: स्वतःचं नाव, आडनाव, पुढे 'मूळ'.

४. सगळ्यात वर नाव, त्याखाली एका ओळीत मोबाइल, ईमेल, गाव. ही माहिती पानाच्या मुख्य भागातच टाका. हेडरमध्ये टाकली तर काही सॉफ्टवेअर ती वगळतात, आणि मग रेझ्युमे आहे पण नंबर नाही अशी गत होते.

५. नावाखाली दोन ओळींचा परिचय. 'ऑब्जेक्टिव्ह' या मथळ्याखाली 'नामांकित संस्थेत स्वतःची प्रगती साधण्यासाठी' हे वाक्य मी रोज वाचते. ते लिहू नका. तुम्ही कोण, काय येतं आणि कोणती जागा हवी, एवढंच सांगा: 'बीकॉम, टॅली प्राइम आणि जीएसटी बिलिंगचा दीड वर्षांचा अनुभव. अकाउंट असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज. पुण्यात रुजू होण्यास तयार.' पुण्यातल्या कंपनीला अर्ज करत असाल तर ते शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. पत्ता सोलापूरचा दिसला की 'हा येईल का?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

६. आता वहीतला मजकूर. अनुभव असलेल्यांनी आधी अनुभव, मग कौशल्यं, मग शिक्षण. नुकतेच बाहेर पडलेल्यांनी आधी कौशल्यं आणि प्रमाणपत्रं, मग जे काही काम केलं ते, मग शिक्षण. दोघांनीही ताजं वर आणि जुनं खाली. भाषा शेवटी.

७. शिक्षणात गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर सीजीपीएच लिहा. स्वतःच्या मनानं दहानं गुणून टक्के काढू नका. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं.

८. फॉन्ट संपूर्ण पानावर एकच. मजकूर १०.५ किंवा ११ पॉइंट, मथळे १३ किंवा १४. एका कामाखाली तीन ते पाच मुद्दे.

दोन ओळींमधली जागा वाढवायला स्पेसबार किंवा एंटर दाबत राहू नका. तुमच्या मोबाइलवर जुळलेलं दिसतं आणि माझ्या कॉम्प्युटरवर तारखा पानभर इकडेतिकडे झालेल्या असतात. त्यासाठी फॉरमॅट मेनूत लाइन स्पेसिंग आहे, आणि तारीख उजव्या कडेला न्यायला टॅब स्टॉप आहे. ते जमत नसेल तर तारीख पदाच्या नावाशेजारी स्वल्पविराम देऊन लिहा, काही बिघडत नाही.

तपासा. टेम्प्लेटमधला नमुन्याचा मजकूर पूर्ण गेला का? डॉक्सच्या नमुन्यांत 'लोरेम इप्सम'नं सुरू होणारी लॅटिनसारखी वाक्यं भरलेली असतात. ती तशीच ठेवून पाठवलेले रेझ्युमे माझ्याकडे आलेले आहेत. कंट्रोल आणि एफ दाबून 'लोरेम' आणि 'इप्सम' इंग्रजीत शोधा. नमुन्यात तुम्हाला लागू नसलेला मथळा असेल तर तो मथळ्यासकट काढून टाका.

दोन-चार वर्षांच्या अनुभवापर्यंत एक पान पुरतं. दुसऱ्या पानावर तीन ओळी गेल्या तर फॉन्ट बारीक करू नका, तीन ओळी कमी करा. पहिल्यांदा 'हॉबीज' जाऊ द्या.

टप्पा ७: पीडीएफ काढा आणि चार कसोट्या लावा

'फाइल', मग 'डाउनलोड', मग पीडीएफ. मोबाइलच्या ॲपमध्ये हाच पर्याय 'शेअर अँड एक्सपोर्ट'खाली मिळतो. स्क्रीनशॉट काढून तो पीडीएफ करू नका.

पहिली कसोटी: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मजकूर त्याच क्रमानं, सलग आणि वाचता येण्यासारखा आला तर सॉफ्टवेअरही तो वाचेल. उलटसुलट आला तर पानावर कुठेतरी रकाना किंवा टेबल राहिलं आहे. काहीच निवडता येत नसेल तर तुमच्या हातात अक्षरं नाहीत, चित्र आहे. दोन्ही वेळी टप्पा ६ कडे परत जा.

दुसरी कसोटी स्पेलिंगची. डॉक्सच्या टूल्स मेनूत स्पेलिंग तपासणी आहे, ती वापरा, पण तिच्यावर सगळं सोडू नका. इंग्रजी 'मॅनेजर'मधला दुसरा ए गळला तर जो शब्द उरतो त्याचा अर्थ गुरांची गव्हाण. तोही खरा शब्द असल्यामुळे लाल रेघ येत नाही. शेवटच्या ओळीपासून वर एकेक ओळ वाचत जा, म्हणजे डोळा सवयीनं पुढे धावत नाही.

तिसरी कसोटी कागदाची. झेरॉक्सच्या दुकानात एक काळी-पांढरी प्रत काढा. फिकट निळी किंवा हिरवी अक्षरं काळ्या-पांढऱ्या प्रतीत पुसट होतात, आणि बऱ्याच ऑफिसांत प्रिंट काळी-पांढरीच निघते. पुसट दिसलं तर अक्षरांचा रंग काळा करा.

चौथी कसोटी घरच्यांबरोबर. तो कागद दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याला कागदावरचा नंबर बघून फोन लावायला सांगा. तुमचा फोन वाजला पाहिजे. कागदावरचाच ईमेल पत्ता टाइप करून एक मेल पाठवायला सांगा, ती आली पाहिजे. एक आकडा चुकलेला असल्यामुळे ज्यांच्यापर्यंत आम्ही पोचू शकलो नाही, अशी चांगली मुलं मला आठवतात. ही कसोटी दोन मिनिटांची आहे, कृपा करून चुकवू नका.

सायबर कॅफेत असाल तर उठण्याआधी फाइल स्वतःला मेल करा, डाउनलोड फोल्डरमधली प्रत काढून टाका, रिसायकल बिनही रिकामी करा आणि खात्यातून साइन आउट करा.

टप्पा ८: पाठवा

पीडीएफच्या नावात तुमचं नाव, आडनाव आणि पद असू द्या, तेही इंग्रजीत. 'रेझ्युमे फायनल २' नावाच्या पाच फाइली माझ्या फोल्डरमध्ये एकमेकींशेजारी बसतात, आणि कोणती कुणाची ते उघडल्याशिवाय कळत नाही.

डॉक्सची लिंक पाठवू नका. शेअरिंगची परवानगी बंद असली की आमच्याकडे 'ॲक्सेस मागा' एवढंच दिसतं, आणि शंभर अर्ज समोर असताना कुणी परवानगी मागत बसत नाही. आणि लिंक सगळ्यांसाठी संपादनासकट उघडी ठेवलीत तर कुणीही तुमच्या फाइलमध्ये बदल करू शकतो.

व्हॉट्सॲपवर मागितला तर 'डॉक्युमेंट' म्हणून पीडीएफ जोडा. फोटो म्हणून पाठवला की दाबला जाऊन अस्पष्ट होतो. वर एक ओळ लिहा: नमस्कार, नाव, कोणत्या जागेसाठी. ईमेलच्या विषयात पद आणि नाव लिहा. मजकुरात चार ओळी पुरे: जाहिरात कुठे पाहिली, त्या कामाशी जुळणारी तुमची एक गोष्ट, कधीपासून येऊ शकता, नंबर. पाठवण्याआधी फाइल जोडली आहे का ते बघा.

महास्वयं आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या सरकारी पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. तिथेही हाच मजकूर भरा. फॉर्ममध्ये 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' विचारतात, तेव्हा गुणपत्रिकेच्या क्रमानं आडनाव पहिल्या रकान्यात टाकू नका.

थांबा. रेझ्युमे पाठवल्यावर 'तुमची निवड झाली, सिक्युरिटी डिपॉझिट भरा' किंवा 'मुलाखतीची फी पाठवा' असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. कामावर घेणारी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही.

टप्पा ९: पुढच्या अर्जासाठी

मूळ फाइलला हात लावू नका. 'फाइल' मेनूतून 'मेक अ कॉपी' करा आणि त्या प्रतीत बदल करा. जाहिरात पुन्हा वाचा, तिच्यातले कामाचे शब्द अधोरेखित करा, आणि त्यातलं जे तुम्हाला खरंच येतं ते जाहिरातीतल्याच शब्दांत तुमच्या प्रतीत आहे का ते बघा. जाहिरातीत 'इन्व्हेंटरी' असेल आणि तुम्ही 'स्टॉक' लिहिलं असेल तर सॉफ्टवेअरला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. परिचयाच्या दोन ओळी आणि मुद्द्यांचा क्रम बदला. बाकी पान तसंच राहू द्या. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखा: तारीख, कंपनी, जागा, कोणती प्रत पाठवली, फोन आला का. पाठवलेल्या प्रत्येक प्रतीची पीडीएफ मोबाइलमध्ये एकाच फोल्डरमध्ये ठेवा. फोन कधीही येतो, रिक्षात असताना किंवा दुकानात गिऱ्हाईक समोर असताना. 'दहा मिनिटांत फोन केला तर चालेल का?' असं विचारा, ती प्रत उघडा आणि ती समोर ठेवून बोला. मुलाखत पुण्याला असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसण्याआधी, आदल्या संध्याकाळीच त्याच प्रतीचे दोन प्रिंट काढून मूळ प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.